ॲल्ब्युमिन : दोन प्लस

चौतीस वर्षं मी लोकांची लघवी तपासली. हे वाक्य लग्नाच्या पंगतीत बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

कागदोपत्री माझा हुद्दा ‘प्रयोगशाळा तंत्रज्ञ’ असा होता. सिंधुदुर्गातल्या ज्या ज्या सरकारी दवाखान्यात बदली झाली तिथं लोकांनी त्याचं ‘बाटलीवाली बाई’ करून टाकलं. रक्त, थुंकी सगळंच माझ्याकडे यायचं, पण नाव पडलं ते बाटलीवरून. लोक बाटल्याही कसल्या कसल्या आणत! खोकल्याच्या औषधाची, खोबरेल तेलाची, एकदा तर मधाची. मधाच्या बाटलीतला नमुना तपासला आणि धडधाकट माणसाच्या लघवीत साखर सापडली. त्यांच्या घरी रडारड व्हायच्या आत बाटलीचं झाकण हुंगायचं मला सुचलं, म्हणून बरं.

एक गृहस्थ तर ड्रायव्हिंगसाठी फिटनेसचा दाखला घ्यायला आले होते. मधुमेह निघेल अशी भीती होती, म्हणून त्यांनी आणलेला नमुना पाण्यासारखा स्वच्छ होता. तपासणीची पट्टी बुडवली तर साखरेचा चौकोन गडद तपकिरी. मी बाटली नाकाशी नेली आणि विचारलं, “काका, ह्या खंयच्या माडाचा?”

काका खाली बघत म्हणाले, “घराकडचाच. गोड आसा.”

शहाळ्याचं पाणी होतं! तर अशी माझी नोकरी. यातल्या साखरेच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण आज मला सांगायची आहे ती प्रथिनाची. त्यासाठी थोडं शिकवावं लागेल, कंटाळू नका.

मूत्रपिंड म्हणजे गाळणी, एवढं आपण शाळेत शिकतो. पण चहाची गाळणी डोळ्यांसमोर आणू नका. एकेका मूत्रपिंडात केसांहून बारीक रक्तवाहिन्यांची लाखो गुंतवळी असतात आणि गाळण्याचं काम त्या वाहिन्यांच्या भिंतीत चालतं. भिंतीला तीन थर. आतला थर खिडक्याखिडक्यांचा, त्यातून रक्तपेशी जात नाहीत. मधला दाट विणीचा पडदा. बाहेरच्या थरातल्या पेशींना पाय असतात. हाताची बोटं एकमेकांत गुंतवावी तसे ते पाय गुंतलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटींवर आणखी एक नाजूक पापुद्रा असतो. पाणी, मीठ, शरीरातला टाकाऊ माल यातून सहज पार होतो. रक्तातलं मुख्य प्रथिन, म्हणजे ॲल्ब्युमिन, मागे राहतं. एक तर ते अंगानं मोठं. दुसरं, त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि भिंतीवरही तसाच असतो. त्यामुळे लोहचुंबकाची सारखी टोकं एकमेकांना ढकलतात तसं ते मागे ढकललं जातं. बारीकसारीक प्रथिनं निसटली तरी पुढच्या नळ्या ती उचलून परत रक्तात घेतात. निरोगी माणसाच्या लघवीत प्रथिन उरतं ते जवळजवळ नाहीच म्हणावं इतकं.

मधुमेहानं, रक्तदाबानं किंवा सुजेनं ही भिंत बिघडली की ॲल्ब्युमिन बाहेर येऊ लागतं. अंड्यातला पांढरा भाग फेटला की फेस धरतो, तसा लघवीला फेस येतो आणि तो लवकर विरत नाही. आमची जुनी परीक्षाही अंड्यासारखीच. काचनळीत लघवी घ्यायची, नळी तिरपी धरून फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. प्रथिन असेल तर तिथं पांढुरका ढग येतो. मग ॲसिटिक ॲसिडचे दोन थेंब. ढग विरला तर तो क्षारांचा, राहिला तर प्रथिनाचा. किती दाट आहे ते बघून आम्ही एक प्लस, दोन प्लस असं लिहितो. पुढे रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या, यंत्रं आली, पण शंका आली की मी दिवाच पेटवायची.

निवृत्त व्हायला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. बदली उत्तरेकडच्या एका दवाखान्यात होती. नवरा जामसंड्याच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे तो तिकडे आणि मी दवाखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये एकटी. गणपती पंधरा दिवसांवर आलेले. अशात वैभववाडीकडच्या एका खेड्यातली अक्षता नावाची मुलगी आईबरोबर आली. एकोणीस वर्षांची, उंच, शिडशिडीत. कोल्हापूरला नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता आणि वैद्यकीय दाखला हवा होता. आठवड्याची मुदत.

पट्टी पिवळ्याची हिरवी झाली, म्हणजे प्रथिन. दिवा पेटवला, ढग आला. ॲसिड टाकलं तरी गेला नाही. मी लिहिलं : ॲल्ब्युमिन, दोन प्लस. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा दोन प्लस.

अक्षताची आई सुगंधा, भातशेती आणि चार काजूची झाडं यांवर घर चालवणारी बाई. तिनं कागद हातात घेतला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“ह्यो शब्द माज्या वळखीचो आसा, बाई.”

“कसो गो?”

“हिच्या बापाशीच्या कागदार आसायचो.”

अक्षताचे वडील मूत्रपिंडं निकामी होऊन गेले होते. जुना मधुमेह, मग डायलिसिस, दोन वर्षं हेलपाटे आणि मग सगळं संपलं. सुगंधाला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, पण क्रिएटिनिन आणि ॲल्ब्युमिन हे शब्द ती दुरून ओळखायची. ती रडली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि मुलीला म्हणाली, “चल गो बाय, घराकडे जाव.” त्या ‘घराकडे’ शब्दात कॉलेज संपलेलं होतं.

मी म्हटलं, “डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जाऊ नका.” म्हणजे मी काही विशेष केलं नाही, रोज म्हणायची तेच म्हटलं. आमचं एक वाक्य असतं : निदान डॉक्टर करतात, आम्ही फक्त लिहितो. वाक्य खरं आहे, पण आम्ही ते फार वेळा आडोशासारखं वापरतो.

आमचे डॉक्टर शेळके लातूरकडचे, तिशीही न गाठलेले. त्यांनी मुलीचा रक्तदाब बघितला, पाय दाबून सूज बघितली. सगळं ठीक. रक्त पाठवायला सांगितलं, त्यात मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन व्यवस्थित आलं. मला म्हणाले, “सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघा, बाई. लाल पेशी आहेत का?” मी दहा मिनिटं डोळा लावून बसले. एकही नव्हती, म्हणजे सुजेची खूण नाही.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो मला तोवर कुणीही विचारला नव्हता.

“नमुना किती वाजता घेतला होता?”

“बारा वाजता.”

“आणि आधीचा?”

“साडेबारा असतील. त्यांच्या गावाची बस साडेअकराला येते.”

डॉक्टर अक्षताकडे वळले. “बसला जागा मिळते का गं तुला?”

“नाय. म्हणजे, नाही सर,” ती शुद्ध बोलण्याच्या प्रयत्नात अडखळली. “उभीच येते. आधी स्टॉपपर्यंत अर्धा तास चालते.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी मला सांगितलं ते असं : काही तरुण मुलामुलींच्या लघवीत उभं असताना प्रथिन उतरतं आणि आडवं झालं की बंद होतं. भिंत शाबूत असते, पण उभं राहिल्यावर मूत्रपिंडातला रक्ताचा दाब आणि प्रवाह बदलतो. डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन वाहिन्यांच्या मधे दबते असंही काहींच्या बाबतीत दिसतं. त्रास काही नसतो आणि वय वाढलं की बहुधा आपोआप जातं. “पण वडिलांचा इतिहास आहे,” ते म्हणाले. “अंदाजानं दाखला देणार नाही. रात्रभर झोपलेल्या शरीराचा नमुना हवा आणि उभ्याचा हवा. दोन्ही इथंच, ताजे.”

त्यांच्या गावाहून पहाटेचा नमुना येईपर्यंत दुपार होणार. बायकांच्या वॉर्डात खाट नव्हती. मी म्हटलं, “माझ्या क्वार्टरवर राहू दे.”

दोघी राहिल्या. मी नियम सांगितले : झोपताना मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं. मग सकाळपर्यंत उठायचं नाही. उठल्यावर इकडेतिकडे न फिरता पहिली लघवी बाटलीत.

सुगंधानं विचारलं, “देवाक नमस्कार केलो तर चलात?”

“नमस्कार मगे. पयली बाटली.”

सकाळी सहाला अक्षता दोन्ही हातांत बाटली धरून माझ्यासमोर आली. मी गाऊनवर ओढणी घेतली, छत्री उघडली आणि आवार ओलांडून प्रयोगशाळेत गेले. मागून त्या दोघी. पट्टी बुडवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. पट्टी पिवळीच राहिली. दिवा पेटवला. नळी तापली, उकळी फुटली, पण पाणी जसंच्या तसं नितळ. दुसरी नळी घेतली. तीही नितळ.

मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण परीक्षा अर्धीच झाली होती. आधीचे दोन प्लस खरे होते, मग आता ते गेले कुठे? दुपारी परत दिसले तरच उलगडा होणार होता.

अक्षताला मी बसू दिलं नाही. ती चालली, माझं अंगण झाडलं, दवाखान्याच्या पायऱ्या चढली-उतरली. तिची आई कुरकुरली, “बाई, आजारी पोराक असा राबवतंत?” मी म्हटलं, “गप ऱ्हव जरा.”

बाराला दुसरी बाटली. नळी तापली आणि पांढरा ढग दाटून आला. दोन प्लस. दारात उभी असलेली सुगंधा ते बघून मटकन खाली बसली आणि इतके दिवस अडवलेलं रडू एकदम फुटलं.

“अगो, रडतंस कित्या?” मी ओरडलेच. “ह्याच तर आमका व्हया होता!”

तिला काही कळेना. मग मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिला कळेल असं सांगितलं. “सोलकढीसाठी खोबऱ्याचा रस काढतंस ना? वाटलेला खोबरा फडक्यात घालून अलगद पिळलंस की नुसतो रस येता. जोर करून पिळलंस की चोथ्याचे कण पण येतत. मगे फडक्याक भोक पडलेला असता काय?”

“नाय.”

“तुज्या घोवाचा फडका फाटलेला होता. हिचा फडका बरा आसा. उभी ऱ्हवली की नुसतो दाब पडता.”

सुगंधानं पदरानं तोंड पुसलं. तिनं ढग आलेल्या नळीकडे बोट दाखवलं. मग विचारलं, “म्हणजे बापाशीचा नाय?”

“बापाशीचा नाय.”

डॉक्टरांनी किडनीच्या तज्ज्ञांना फोन करून सगळं सांगितलं, त्यांचाही दुजोरा मिळाला. वर्षातून एकदा सकाळचा नमुना तपासायचा, एवढीच अट. दाखला झाला. अक्षता कोल्हापूरला गेली. आता शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या सकाळच्या नमुन्यात आजवर काही सापडलेलं नाही.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी मोठ्या ऐटीत सांगत फिरले असते. पण दाखल्यावर सही करताना डॉक्टर शेळके सहज म्हणाले, “बाई, अशी किती पोरं आपण परत पाठवली असतील, नाही?” ते हसले. मला हसता आलं नाही. किती ते मला माहीत नाही, पण एक मला नावानिशी माहीत होता.

दिगंबर. आरोंद्याचा. मी दक्षिणेकडच्या दवाखान्यात होते तेव्हा तो आला होता. तेव्हा माझी नोकरी नवी नव्हती पण वयही फार नव्हतं, आणि तो एकवीस वर्षांचा. शिपवर खलाशाची नोकरी जवळजवळ हातात आलेली, फक्त फिटनेस बाकी. तोही दुपारी आलेला, तोही उभ्यानं प्रवास करून. दोन प्लस. दहा दिवसांनी परत आला. दोन प्लस. टेबलाची कड धरून त्यानं विचारलं होतं, “बाई, परत एकदा बघतात काय?”

मी म्हटलं होतं, “दोनदा बघितलं रे. आहे ते आहे.”

“म्हणजे माका झाला काय?”

“ते डॉक्टरांना विचार.”

तेव्हाच्या डॉक्टरांसमोर साठ माणसांची रांग. त्यांनी कागद बघून सांगितलं : मूत्रपिंडाला सूज आहे, मीठ बंद, जड उचलायचं नाही, शिपवर जाता येणार नाही. पुढे त्यानं मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. त्यानं दाखवलं की नाही हे मी विचारलं नाही. माझी बदली झाली.

अक्षताच्या प्रकरणानंतर मला त्याच्याकडे जायला हवं होतं हे त्याच दिवशी कळलं. गेले मात्र वर्ष उलटल्यावर, निवृत्त झाल्यावर. कामं होती असं म्हणू शकते, पण खरं कारण भीती. तो हयात नसेल, म्हणजे खरंच मूत्रपिंडाचा रोग असेल, याची भीती. आणि ठणठणीत असेल, याची त्याहून जास्त.

आरोंद्याच्या स्टँडवर एका दुकानात विचारलं, “दिगंबर कुठे राहतात? ते शिपवर जाणार होते ते.”

दुकानदार म्हणाला, “कोण, अळणी दिगू?”

मला तिथल्या तिथं परतावंसं वाटलं. गावानं त्याला मिठावरून नाव ठेवलं होतं.

खाडीच्या बाजूला कौलारू घर. पुढच्या पडवीत तो पेपर वाचत बसला होता. त्रेचाळीसचा, पण हालचाल म्हाताऱ्याची, सांभाळून केलेली. गावच्या वाचनालयात बसून करायचं काम त्यानं धरलं होतं, कारण त्यात काही उचलावं लागत नाही. त्यानं मला लगेच ओळखलं. “बाई,” एवढंच म्हणाला. बसा म्हणाला नाही. त्याची बायको वंदना पाणी घेऊन आली आणि तिनं बसायला सांगितलं.

मी सगळं सांगितलं. अक्षताचं, उभ्याचं आणि आडव्याचं, वाजले किती हे न विचारल्याचं.

तो म्हणाला, “म्हणजे तुमचा चुकला.”

“तपासणी बरोबर होती. विचारायचं होतं ते विचारलं नाही. तेच चुकलं.”

“आता काय त्येचा?”

“परत तपासू. सकाळचा नमुना घेऊ. इतक्या वर्षांत कधी तपासलंस?”

कधीच नाही. तो प्रयोगशाळेच्या दारातसुद्धा परत गेला नव्हता. दोन प्लसचे तीन प्लस झालेले ऐकायचं धैर्य नव्हतं. “नको, बाई,” तो म्हणाला. “माका आता सवय झाली.”

“तुमका सवय झाली,” वंदना दारातून म्हणाली. “माका नाय झाली. दर चवथीक तुमी म्हणतात, ह्यो गणपती शेवटचो. लग्न झाल्यापासून मी ता आयकतंय.”

त्यानं पेपरची घडी घातली. मग मी आणलेल्या रिकाम्या बाटलीसाठी हात पुढे केला.

माझी एक मावसबहीण शेजारच्या गावात असते, तिच्याकडे मी राहिले. सकाळी साडेसहाला पिशवीत दिवा, नळ्या, ॲसिड, पट्ट्या, सुई आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन हजर. दिगंबर पेपरात गुंडाळलेली बाटली घेऊन आला, माझ्यापुढे ठेवली आणि पाठ करून उभा राहिला. पडवीतल्या बाकावर मी दिवा पेटवला. वंदनानं वाऱ्याला सूप आडवं धरलं.

नितळ. पट्टी पिवळी.

“नाही,” मी म्हटलं. “आता दुपारचा.”

तो खाडीच्या बांधावर चालायला गेला तो बारालाच परत आला. तोवर वंदना माझ्याशी बोलत बसली. घरात दोन भांडी लागतात, एक मिठाचं आणि एक बिनमिठाचं. सुकी मासळी त्याच्यासमोर ती भाजत नाही, वास त्याला सहन होत नाही. लग्न ठरताना त्यानं स्वतःच येऊन तिला सांगितलं होतं, माझ्या किडनीत दोष आहे, किती वर्षं काढेन सांगता येत नाही. “म्हणान तर मी हो म्हटलंय,” ती म्हणाली. “आपलो दोष आपणच सांगूक इलो तो एकटोच.”

दुपारचा नमुना तापवला. उकळी आली, वाफ आली, ढग आला नाही. मी दोनदा केलं, पट्टीही लावली. वय वाढल्यावर ते गेलं होतं, कधी ते कोण सांगणार! रक्तदाब मोजला, तोही बरा.

“काही नाही दिगंबर,” मी म्हटलं. “ना सकाळचं, ना दुपारचं.”

“म्हणजे माका तेव्हा पण काय नव्हता?”

“शपथेवर सांगू शकत नाही. पण रोग असता तर इतक्या वर्षांत आपण होऊन गेला नसता. बहुतेक नव्हतंच.” मग मी ते म्हटलं ज्यासाठी आले होते. “माझ्याकडून राहिलं. मला माफ कर.”

वंदनाचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. ती म्हणाली, “बरा झाला म्हणा. शिपेर गेले असतात तर माका खंय गावले असतात?”

“गप ऱ्हव गो,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “आज माका जरा रागावूक दी.”

तो पायरीवर जाऊन बसला. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो उठला. पडवीच्या कोपऱ्यात तांदळाचं पोतं होतं, गिरणीवरून वंदनानं आणून टाकलेलं. त्यानं ते कवेत धरून उचललं. ती “अहो!” म्हणून पुढे धावली आणि मधेच थांबली. पोतं खांद्यावर घेऊन तो घरात गेला, माजघर ओलांडलं, स्वयंपाकघरात टाकल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा धापा टाकत होता. अंगाला कोंडा लागलेला.

“बाई,” तो म्हणाला, “ह्या लिवन दिया.”

“काय?”

“आता सांगलात ता. तेव्हा कागदार लिवन दिलात, आता पण कागदार लिवन दिया. शिक्को मारून.”

मी सांगितलं, मी निवृत्त झाले, माझ्या सहीला आता किंमत नाही. पण नमुना आणि रक्त घेऊन जाते, रीतसर तपासून घेऊ. दंडाला पट्टा बांधून मी त्याचं रक्त काढलं तेव्हा त्यानं नजर वळवली नाही.

तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेत ते दिलं. तिथल्या पॅथॉलॉजिस्टनी स्वतः बघितलं. क्रिएटिनिन व्यवस्थित, लघवीत प्रथिन नाही. दोन दिवसांनी सही-शिक्क्याचा कागद घेऊन मी परत आरोंद्याला गेले. त्या बसमध्ये मला किती हलकं वाटत होतं ते सांगून खरं वाटणार नाही. आयुष्यात इतके कागद लिहिले, पण असा एकही पोचवायला गेले नव्हते.

हे वाचून कुणी लघवीला फेस येतो म्हणून दुर्लक्ष करू नये, घरच्या घरी उभ्याचा-आडव्याचा न्याय लावू नये. बऱ्याच जणांचं दोन प्लस हे खरंच भिंत बिघडल्याचं असतं आणि ते जितक्या लवकर कळेल तितकं बरं. दिगंबरासारखं घाबरून घरी बसण्यात तर काहीच शहाणपण नाही. फक्त तपासणाऱ्यानं वेळ विचारावी, एवढंच माझं म्हणणं.

दिगंबर वाचनालयात होता. दोन-तीन माणसं पेपर वाचत बसली होती. त्यानं कागद घेतला आणि खिडकीपाशी उजेडात नेला. वरचं नाव वाचलं, वय वाचलं, खालचा शिक्का निरखला. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचू लागला. एका ओळीवर बोट थांबलं.

“ॲल्ब्युमिन,” त्यानं मोठ्यानं वाचलं. “निल.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “निल म्हणजे नाय, ना बाई?”

“नाय रे,” मी म्हटलं. “कायच नाय.”